केर काढणारे यंत्र निवडताना



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावणे धाडले, तेव्हा आम्ही कामगार कायद्यांवर बोलू अशी त्यांची समजूत होती. आम्ही विषय कळवला : घरासाठी केर काढणारा रोबो कसा निवडावा. लगोलग चिटणीसांचा फोन आला, “भाऊ, कागद दुसऱ्या कुणाचा तर आला नाही ना?” आम्ही म्हणालो, कागद आमचाच आहे. तीस वर्षे आम्ही कारखान्यांच्या दारांशी उभे राहून यंत्रांविषयी बोललो. आता यंत्र घराच्या दाराशी येऊन उभे राहिले आहे, तर त्याची विचारपूस कोणी करावयाची?

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे थोडे लेथवर झाले आणि थोडे वाचनालयात. तेव्हा पांडित्याचा दावा आम्ही करीत नाही. केराच्या बाबतीत मात्र आमचा अधिकार वडिलोपार्जित आहे, खरे म्हणजे मातोपार्जित. आमच्या आईने लॅम रोडच्या बंगल्यांतून बावीस वर्षे केर काढला. देवळाली कॅम्पची हवा कोरडी आणि आरोग्याला चांगली म्हणून येथे आरोग्यभुवने उभी राहिली, मुंबईकरांनी बंगले बांधले. पण कोरड्या हवेबरोबर धूळही येते. शिमग्यापासून मृगापर्यंत सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटाने नाव लिहावे, अशी स्थिती असते. आई म्हणावयाची, “केर कधी संपत नाही, पाठ संपते.” आजचे आमचे सगळे व्याख्यान या एका वाक्याचा विस्तार आहे असे समजा.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आमच्या पुण्याच्या चिरंजीवांनी घरी एक खोके पाठवले. आमच्या सौभाग्यवतींचे गुडघे दुखतात, म्हणून ही भेट. खोक्यातून पितळी परातीएवढी, काळी, चपटी वस्तू निघाली. मुलाने फोनवरून सूचना दिल्या, यंत्र गुरगुरले आणि चालू लागले. शेजारची मुले दारात जमली. पहिल्या पाच मिनिटांत यंत्राने सतरंजीच्या दशा गिळल्या. दहाव्या मिनिटाला ते स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर पोट टेकून अडकले आणि इंग्रजीत मदत मागू लागले. आमच्या मधल्या दारात काळ्या कडाप्प्याची पट्टी आहे. त्या पट्टीपाशी आले की ते दचकून माघारी फिरे, जणू पुढे विहीर आहे. सौ. म्हणाल्या, “याच्यामागे फिरण्यापेक्षा मीच केर काढला असता.”

दोष यंत्राचा म्हणावा तर तसे नव्हते, आणि मुलाच्या मायेत तर मुळीच नव्हता. चूक एवढीच की, यंत्र निवडताना कुणी आमच्या घराकडे पाहिले नव्हते. नवरा-नवरीची पत्रिका पाहणारे आपण लोक. यंत्राची आणि घराची पत्रिका मात्र जुळवून पाहत नाही.

तेव्हा निवडीची पहिली पायरी दुकानात नसून घरात आहे. हातात मोजपट्टी घ्या आणि उंबरठे मोजा. यांपैकी बहुतेक यंत्रे साधारण दोन सेंटिमीटरांपर्यंतचा उंचवटा चढतात. काही महागडी अधिक चढतात. आपल्या जुन्या घरांचे उंबरठे त्याहून उंच असतील, तर प्रत्येक खोलीत यंत्र उचलून ठेवावे लागेल. मग पलंगाखालची आणि कपाटाखालची मोकळी जागा मोजा. यंत्राची उंची बहुधा आठ ते दहा सेंटिमीटर असते. पलंगाखाली आपल्याला वाकवत नाही, म्हणूनच तर हे यंत्र घ्यावयाचे. ते तेथेच शिरले नाही तर उपयोग काय? शेवटी फरशीचा रंग पाहा. यंत्राच्या पोटाखाली जे सेन्सर असतात ते खाली अदृश्य प्रकाश सोडतात. तो परत आला तर पुढे जमीन आहे, नाही आला तर जिना आहे, असे त्यांचे गणित. काळा दगड प्रकाश पिऊन टाकतो आणि यंत्राला तेथे खड्डा भासतो. आमच्या कडाप्प्याच्या पट्टीचे कोडे असे उलगडले. गडद फरशी असेल तर घरी आणून चालवून दाखवल्यावाचून पैसे मोजू नयेत.

दुसरी गोष्ट यंत्राच्या डोळ्यांची. स्वस्त यंत्र आंधळे असते. ते भिंतीला धडकते, वळते, पुन्हा धडकते. एका कोपऱ्यात तीनदा जाते आणि दुसऱ्यात एकदाही जात नाही. मधल्या प्रतीचे यंत्र चाकांचे फेरे आणि वळणे मोजून अदमासाने रांगेत चालते. त्याहून वरच्या प्रतीत डोक्यावर लहानशी फिरती टोपी असते. तीतून लेसरचा किरण फिरतो, भिंतींची अंतरे मोजतो आणि घराचा नकाशा काढतो. याला अंधारातही दिसते. काही यंत्रांना कॅमेरा असतो. त्याला उजेड लागतो, आणि त्याच्याविषयी आम्हांस पुढे वेगळे बोलावयाचे आहे. दोनतीन खोल्यांचे घर असेल तर लेसरचे यंत्र घ्यावे, असे आमचे मत आहे.

तिसरी गोष्ट शोषणाची. गैरसमज नको, येथे आम्ही हवेच्या शोषणाविषयी बोलत आहोत. जाहिरातीत दहा हजार पास्कल, वीस हजार पास्कल असे आकडे छापतात. पास्कल हे दाबाचे माप आहे. बहुधा तो आकडा नळीचे तोंड बंद करून मोजलेला अधिकात अधिक दाब असतो. घरातली धूळ उचलते ती वाहती हवा आणि तिला मोकळी करणारा ब्रश. आपल्याकडे गालिचे थोडे, फरशी फार. गुळगुळीत फरशीला दोनतीन हजार पास्कलांत काम भागते. त्यापेक्षा ब्रश उलटा करून पाहा. घरात लांब केस असतील, आणि मराठी घरात ते असतातच, तर केसाळ ब्रशापेक्षा रबरी पात्यांचा ब्रश बरा. त्यात गुंता कमी होतो. गाळणी धुता येते का आणि नवी केवढ्याला मिळते, तेही विचारा. रांगोळी, सिमेंट, पीठ यांवर यंत्र सोडू नये, गाळणी बसते. आणि घरात कुत्रे असेल तर ते बाहेर जाऊन आल्यावरच यंत्र सुरू करावे. याचे कारण या सभेत विचारू नका.

चौथी गोष्ट पुसण्याची. ज्या देशांत गालिचे अंथरतात तेथे ही यंत्रे जन्मली. आपल्याकडे पोतेऱ्यावाचून केराचे काम पुरे होत नाही. स्वस्त यंत्रामागे ओले फडके बांधलेले असते आणि टाकीत पाणी दोनतीनशे मिलिलिटर, म्हणजे तांब्याभरसुद्धा नाही. ते नुसते फडके ओढत जाते. आधी धूळ नीट निघाली नसेल तर तिचा चिखल करून सारखा पसरते. गोल फिरणाऱ्या, दाबून पुसणाऱ्या चकत्यांचे यंत्र त्याहून सरस. त्या चकत्या स्वतः धुणारा तळही मिळतो, पण किंमत दुपटी-तिपटीने वाढते, आणि त्याची घाण पाण्याची टाकी दोन दिवस ओतली नाही तर घरभर वास सुटतो. केर आपोआप पिशवीत भरणारे तळही आहेत. त्या पिशव्या विकत घ्याव्या लागतात, आणि कॅम्पातल्या धुळीने त्या जाहिरातीत लिहिलेल्या मुदतीच्या पुष्कळ आधी भरतात.

आता थोडे या यंत्राच्या कुळाविषयी. १९०७ साली अमेरिकेत ओहायो प्रांतातल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँगलर नावाचा एक मनुष्य दुकानात झाडलोट करीत असे. त्याला दम्याचा विकार. झाडताना उडणाऱ्या धुळीने खोकला वाढतो हे त्याच्या ध्यानी आले. त्याने पंख्याची मोटर, साबणाची पेटी, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एकत्र करून हातात धरून फिरवता येईल असे विजेचे केरयंत्र जुळवले. १९०८ साली त्याला पेटंट मिळाले, आणि त्याच वर्षी हूव्हर नावाच्या कारखानदाराने ते विकत घेतले. स्पँगलरला त्याचा वाटा मिळत गेला, हे आम्ही प्रांजळपणे सांगतो. पण पुढे इंग्लंडात केरयंत्राला लोक ‘हूव्हर’च म्हणू लागले. यंत्र झाडणाऱ्याने काढले आणि नाव मालकाचे झाले, ही गोष्ट आमच्यासारख्या माणसाच्या नजरेतून सुटत नाही. ‘रोबो’ या शब्दाचेही तसेच. कारेल चापेक या चेक नाटककाराच्या १९२० सालच्या नाटकातून तो जगभर गेला, आणि त्याचे मूळ ज्या शब्दात आहे त्याचा अर्थ वेठ. म्हणजे रोबो हा मुळात वेठबिगार.

स्वतः फिरणारे केरयंत्र स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीने २००१ साली बाजारात आणले. २००२ साली अमेरिकेच्या आयरोबॉट कंपनीचे रूंबा आले आणि घरोघर पोचले. तोफखान्याच्या शाळेच्या या गावात एक गोष्ट सांगण्याजोगी आहे : त्याच वर्षी त्याच कंपनीचा दुसरा रोबो अफगाणिस्तानात सैनिकांच्या पुढे गुहांत शिरत होता. अशा नामांकित कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि तिची यंत्रे बनवून देणाऱ्या चिनी कंपनीच्या हाती ती जावी असे ठरले. नीटो नावाची दुसरी अमेरिकन कंपनी २०२३ साली बंद झाली. पाच वर्षे दूरची सेवा चालू ठेवू असे आश्वासन होते. २०२५ सालीच ती बंद करण्यात आली. ग्राहकांच्या हाती राहिले ते यंत्रावरचे बटण.

यावरून पाचवा नियम निघतो. फोन आणि इंटरनेट नसतानाही साध्या बटणावर चालणारे यंत्रच घ्यावे. वीज जाते, वाय-फाय जाते, कंपनीही जाते. केर जात नाही. दुरुस्तीचे केंद्र नाशकात आहे की यंत्र मुंबईला धाडावे लागते, बॅटरी, ब्रश आणि गाळणी सुटी मिळते का व केवढ्याला, हे कागदावर लिहून घ्यावे. आणि यंत्र मेले की भंगारात फेकू नये. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि जुन्या यंत्राची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. लिथियमची बॅटरी चेपली तर पेट घेते. तो धोका भंगार वेचणाऱ्या पोरांच्या हाती देऊ नका.

सहावी गोष्ट कॅमेऱ्याची. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका नियतकालिकाने उघडकीस आणले की, चाचणीसाठी घरांत दिलेल्या केरयंत्रांनी २०२० साली टिपलेली छायाचित्रे बाहेर फुटली होती. त्यांत शौचकुपात बसलेल्या एका स्त्रीचेही चित्र होते. ती फोडली व्हेनेझुएलातल्या कंत्राटी कामगारांनी. हे कामगार करीत काय होते? यंत्राला ‘ही खुर्ची, हा माणूस, ही वायर’ हे शिकवण्यासाठी हजारो चित्रांवर खुणा करीत होते. चित्रे फोडली हे वाईटच. परंतु आम्हांस त्यातून दुसरेही दिसले : आपोआप चालणाऱ्या यंत्राच्या पाठीमागे कोठेतरी कुणीतरी माणूस बसलेला असतो, आणि तो दिसत नाही म्हणून त्याचा मोबदलाही कुणाला दिसत नाही. २०२४ साली अमेरिकेत काही घरांतली कॅमेऱ्याची यंत्रे परक्या माणसांनी दुरून ताब्यात घेतली आणि त्यांतून घरच्यांना शिव्या दिल्या. कॅमेऱ्यावाचून चालत असेल, आणि बहुतेकांचे चालते, तर कॅमेरा घेऊ नये.

आता सातवी गोष्ट, जिच्यासाठी आम्ही हा विषय मागून घेतला.

घरकाम करणाऱ्या बायांची एक लहानशी संघटना आम्ही चालवतो. मागल्या उन्हाळ्यात तिच्यातल्या एक ताई आल्या. त्यांच्या एका घरी असे यंत्र आले होते. बाईसाहेबांनी सांगितले, केरफरशी आता यंत्र करील, तेवढे पैसे कमी. ताईंनी मान्य केले, करतात काय? मग रोज काय घडू लागले ते ऐका. यंत्र सोडण्यापूर्वी खुर्च्या उचलून टेबलावर ठेवावयाच्या, पायपुसणी गोळा करावयाची, वायरी वर बांधावयाच्या. यंत्र फिरून आले की त्याचा डबा झाडावयाचा, ब्रशातले केस कात्रीने कापून काढावयाचे, फडके धुऊन वाळत घालावयाचे. जिना, गॅलरी आणि कोपरे यंत्राला जमत नाहीत, ते हाताने. ताई म्हणाल्या, “भाऊ, आधी मी केर काढत होते. आता केर काढणाऱ्याचा केर काढते. आणि त्याला पगार नाही.”

तीस वर्षांत यंत्राच्या प्रश्नाची याहून नेमकी मांडणी आम्ही कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही. १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला. त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता. एका माणसाने अधिक माग सांभाळावेत, असे ठरत होते. वाचलेला पैसा कुणाच्या खिशात जावयाचा आणि वाढलेला भार कुणाच्या अंगावर पडावयाचा? आमच्या कारखान्यात संगणकावर चालणारी लेथ आली, तेव्हा आम्हीही आधी विरोधच केला. नंतर शहाणपण आले. आम्ही म्हणू लागलो, यंत्र आणा, पण ते चालवावयास आमच्याच माणसाला शिकवा आणि त्या कसबाचे दाम द्या. यंत्राशी आमचे भांडण नाही. ज्या यंत्राने आमच्या आईची पाठ वाचली असती, त्याला आम्ही कोणत्या तोंडाने शिव्या द्याव्या?

म्हणून हिशेब नीट करा. समजा, यंत्र तीस हजारांचे आहे. गाळण्या, ब्रश, फडकी आणि बॅटरी मिळून वर्षाला तीन हजार धरा. पाच वर्षांत पंचेचाळीस हजार झाले, महिन्याला साडेसातशे. वीज वेगळी, डबा झाडणाऱ्याचा वेळ वेगळा. हा आकडा आपल्या बाईंच्या केरफरशीच्या पगाराशेजारी लिहा. दोन आकडे जवळजवळ आले, तर यंत्र स्वस्त आहे असा निष्कर्ष काढू नका. एका माणसाच्या रोजच्या श्रमाला आपण यंत्राच्या गाळणीएवढीच किंमत देत आलो, हे त्या कागदावर दिसेल.

त्या ताईंचे पुढे काय झाले ते सांगतो. आम्ही त्यांच्यासह त्या घरी गेलो. भांडावयास गेलो नव्हतो; एक कागद आणि पेन्सिल घेऊन गेलो. रोजची कामे एकाखाली एक लिहून काढली. बाईसाहेब भल्या होत्या. त्यांनी ती यादी याआधी कधी पाहिलीच नव्हती. कापलेल्या पैशांपैकी बरेचसे पुन्हा लागू झाले आणि वाकून पुसण्याचे काम यंत्राकडे राहिले. सगळीकडे असे घडत नाही. दुसऱ्या एका घरी आम्हांला फाटकातूनच परत पाठवले, आणि त्या बाईंचे काम गेले ते गेलेच.

कायदा या कामी किती उपयोगी पडतो? आपल्या राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला, त्याखाली अठरा ते साठ वर्षांच्या कामगारांची नोंदणी होते. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २०११ साली घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला. आपल्या देशाने त्याच्या बाजूने मत दिले, पण त्याला मान्यता अद्याप दिलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कामगारांसाठी कायद्याचा विचार करावा, असे सरकारला सांगितले. कायदा येईल तेव्हा येईल. तोवर घरोघरी निदान एक कागद आणि एक पेन्सिल आहे.

तेव्हा आमचा शेवटचा नियम असा. यंत्र घेण्यापूर्वी जिच्या हातात आजवर केरसुणी होती, तिला विचारा. ती बाहेरून येणारी ताई असो, घरातली सून असो की म्हातारी आई असो. कोणता कोपरा त्रास देतो, कोठे वाकवत नाही, केस कोठे साचतात, हे विक्रेत्याला ठाऊक नसते, तिला असते. कारखान्यात जुन्या फिटरला विचारल्यावाचून यंत्र मांडणारा मॅनेजर पस्तावतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आणि वाचलेला वेळ कुणाचा, हे यंत्र घरात येण्यापूर्वी ठरवा.

आमच्या घरातले यंत्र अजून आहे. कडाप्प्याच्या पट्टीवर फिकट कागद चिकटवला, उंबरठ्याला लाकडाचा उतार ठोकला, सतरंजी गुंडाळून माळ्यावर टाकली. डबा आम्ही झाडतो, हे काम घरच्या वाटाघाटीत आमच्याकडे आले. सौ. दुपारी पाय पसरून वाचत बसतात. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला दरवर्षीप्रमाणे नवी केरसुणी आणली, तिला हळदकुंकू वाहिले. नातवाने विचारले, “आजोबा, रोबोला का नाही?” आम्ही त्यालाही कुंकवाचे एक बोट लावले. पण मनात हात जोडले ते त्या बावीस वर्षांच्या पाठीला.

घरी गेल्यावर आधी उंबरठा मोजा.